बिल्ल्याचे कोंदण

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी अण्णांच्या बिल्ल्याला भोक पाडले. १९९१ च्या सिंहस्थात माझे वडील स्वयंसेवक होते आणि तेव्हा मिळालेला तो बिल्ला त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तीस वर्षांहून अधिक काळ जपून ठेवला होता. पांढऱ्या कागदावर केशरी अक्षरांत ‘स्वयंसेवक’ असे छापलेले, त्याखाली थोडी मोकळी जागा आणि त्या जागेत कोणीतरी निळ्या शाईच्या पेनाने लिहिलेला ३७ हा आकडा. मला त्याचे गळ्यात घालण्याजोगे पदक करायचे होते. वरच्या कडेजवळ दीड मिलिमीटरचे एक भोक, त्यात कडी आणि कडीत साखळी, असे ते जेमतेम पंधरा मिनिटांचे काम होते.

ते पदक मी पावसाळाभर हौसेने वापरले. ऑगस्टमध्ये एके दिवशी लक्षात आले की साताच्या वरच्या टोकापासून निळी शाई पसरू लागली आहे. भोकाभोवती पत्र्याला तांबूस गंज चढला होता, आत शिरलेल्या ओलाव्याने कागद फुगला होता आणि अण्णांच्या आकड्याभोवती पुसट निळे वलय उमटले होते. मी बिल्ला अण्णांच्या हातात दिला. ते रागावले नाहीत. त्यांनी तो उलटा केला, मागची पिन उघडून आणि मिटवून पाहिली, आणि “पिन चांगली आहे अजून,” एवढेच म्हणून मला परत दिला. त्या दिवसानंतर मी एकाही बिल्ल्याला भोक पाडलेले नाही. बिल्ल्याला कापायचे नाही, चिकटवायचे नाही आणि तापवायचेही नाही, तरीही त्याचा दागिना घडवायचा, हे काम नुसत्या तारेने कसे करता येते ते शिकण्यात माझे पुढचे वर्ष गेले. त्यातले जे हाताला बसले आहे ते इथे लिहीत आहे.

आता दुकानांत याला ‘बॅज’ किंवा ‘बटन बॅज’ म्हणतात. मला मात्र बिल्ला हाच शब्द जवळचा वाटतो, कारण आपल्याकडे त्याला मोठा गोतावळा आहे. रेल्वे स्थानकावरच्या हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला असतो, एसटीच्या वाहकाच्या छातीवर असतो, गणेशोत्सवातल्या कार्यकर्त्याच्या खिशावर असतो आणि १४ एप्रिलला निळ्या बिल्ल्यांनी गावातले रस्ते फुलून जातात. माझ्या लहानपणी निवडणूक म्हणजे आम्हा मुलांसाठी बिल्ल्यांचा हंगाम असे. कोणत्या पक्षाचा आहे हे आम्ही पाहत नसू. जीप दिसली की तिच्यामागे धावायचे आणि जे हाती लागेल ते सदऱ्यावर मिरवायचे. अण्णांच्या डब्यात त्याही आधीचे बिल्ले आहेत. काँग्रेसची बैलजोडी आहे, १९६९ च्या फुटीनंतर आलेले गाय-वासरू आहे, जनसंघाची पणती आहे आणि प्रजा समाजवादी पक्षाची झोपडीही आहे. मतदान संपले की या वस्तूंना कोणी विचारीत नसे, म्हणून जे डब्यात राहिले तेवढेच उरले. त्यांची पिढी आता घराघरांतून भंगारात चालली आहे, याचे मला खरोखर वाईट वाटते.

बिल्ला कसा बनवलेला असतो हे उघडून पाहिल्याशिवाय त्याच्याशी कसे वागावे हे कळत नाही. मी नाशिकच्या गंगाघाटावरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारातून आणलेला एक मोडका बिल्ला पेचकसाने अलगद उकलला. पुढे घुमटासारखा फुगीर पातळ पत्रा होता, त्यावर छापील कागद आणि कागदावर पारदर्शक प्लास्टिकची चकती. यंत्राने दाब दिला की कागद आणि प्लास्टिक यांच्या कडा पत्र्यामागे दुमडल्या जातात आणि मागची पिन असलेली चकती त्या दुमडीत घुसून बसते. या सगळ्या रचनेत डिंकाचा एक थेंब नसतो आणि कुठे झाळलेलेही नसते. जे काही टिकते ते दाबाने आणि दुमडीने टिकते. हे पाहिले तेव्हा भोक पाडण्यातली माझी चूक मला नेमकी समजली. प्लास्टिक हे त्या कागदाचे छप्पर आहे आणि मी छपरालाच छिद्र केले होते. शिवाय पत्र्यावर गंजापासून रक्षण करणारा कथलाचा अतिशय पातळ थर असतो. तो ड्रिलने खरवडला गेला की आतले लोखंड उघडे पडते आणि नाशिकच्या पावसाळ्यात त्याला गंज चढायला एक महिनाही पुरतो.

ही रचना बरीच जुनी आहे. गुंडीवर सेल्युलॉइडचे आवरण घालण्याचे पेटंट बॉस्टनमधील एका महिलेने १८९३ मध्ये घेतले, आणि १८९६ मध्ये न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग या कंपनीने मागे वळलेल्या तारेची पिन बसवलेल्या बिल्ल्याचे पेटंट मिळवले. त्याच वर्षी अमेरिकेत मॅककिन्ली आणि ब्रायन यांच्यात अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि हे बिल्ले तिथे घरोघरी पोहोचले. सेल्युलॉइड चटकन पेट घेते. आजच्या बिल्ल्यावर त्याऐवजी पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा असतो, पण बाकीची घडण जवळजवळ तशीच आहे. दुसरा प्रकार म्हणजे चित्र थेट पत्र्यावर छापलेला बिल्ला, ज्यात कागदही नसतो आणि प्लास्टिकही नसते. अण्णांच्या डब्यातली बैलजोडी या प्रकारची आहे. तिला ओलाव्याचे भय कमी असते, पण तिचा रंग कडेने टवके उडून जातो, त्यामुळे तारेचा फास घट्ट आवळला तर तिथला रंग हमखास खरवडतो. दोन्ही प्रकार ओळखण्याची सोपी खूण कडेशी सापडते. प्लास्टिक असलेल्या बिल्ल्याची कड बोटाला गुळगुळीत लागते आणि प्रकाशात धरली की तिथे दुमडीच्या बारीक चुण्या दिसतात.

गोल धातूवरचे चित्र गळ्यात घालणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. पुतळ्यांची माळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. व्यापाऱ्यांबरोबर इथे आलेल्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर उभ्या आकृत्या असत, त्यांवरून लोक त्या नाण्याला पुतळी म्हणू लागले आणि पुढे आपल्या सोनारांनी देवतांच्या आकृत्या असलेल्या पुतळ्या घडवल्या. आजीच्या माळेतल्या प्रत्येक पुतळीला डोक्यावर एक नाके झाळलेले होते. पुतळी स्वतः अखंड होती. तिच्या अंगातून दोरा जात नव्हता, नाक्यातून जात होता. मला बिल्ल्यासाठी हेच हवे होते, पण बिल्ल्याला नाके झाळता येत नाही, कारण झाळण्याच्या उष्णतेने प्लास्टिक वितळते आणि कागद करपतो. तेव्हा नाके बिल्ल्याला लावण्याऐवजी बिल्ल्याभोवतीच्या कोंदणाला लावायचे आणि कोंदण तारेचे करायचे, असे मी ठरवले.

तार म्हटले की बहुतेकांना नकली दागिन्यांच्या दुकानातली सोनेरी मुलामा दिलेली तार आठवते. ती मी वापरत नाही, कारण दोनदा वाकवली की मुलामा उडतो आणि आतला धातू कोणता हे दुकानदारालाही सांगता येत नाही. नाशिकमध्ये सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींमुळे विजेच्या मोटारी भरून देणारी, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळून देणारी, दुकाने जागोजागी आहेत आणि तिथे तांब्याची वाइंडिंग वायर वजनावर मिळते. मी ज्या दुकानातून घेते तिथल्या दादांना सुरुवातीला मी शंभर ग्रॅम तार कशासाठी मागते आहे हे कळेना. आता ते स्वतःहून रिळाच्या शेवटी उरलेले तुकडे माझ्यासाठी बाजूला ठेवतात. गेज जसे वाढते तशी तार बारीक होते, हे एकदा लक्षात घेतले की पुढे गोंधळ होत नाही. १८ गेजची तार सुमारे १.२ मिलिमीटर जाड असते, २० गेजची ०.९ आणि २४ गेजची ०.५६. मी सांगाड्यासाठी १८ वापरते, कानातल्यांसाठी २० आणि वेढ्यांसाठी २४. वाइंडिंग वायरवर वार्निशचा पारदर्शक थर असतो. त्यामुळे तार लवकर काळी पडत नाही, हा तिचा गुण आहे. पण जिथे पक्कड घसरते तिथे थर निघतो आणि मग ठिपके ठिपके दिसू लागतात. ज्यांना तो थर नको असेल त्यांनी पॉलिश पेपरने घासून काढावा. तो जाळून काढण्याचा मोह कोणी करू नये, कारण त्याचा धूर घातक असतो.

उघडे तांबे वापरायचे असेल तर त्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. तांबे वाकवत गेले की ताठ होत जाते. पहिल्या वळणाला लोण्यासारखी वाटणारी तार तिसऱ्या-चौथ्या वळणाला हट्टाला पेटते आणि तरीही वाकवत राहिले तर तुटते. जुन्या नाशकात तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या तांबटांकडे मी हे विचारायला गेले होते. तिथले एक वयस्क काका घागर ठोकत होते. थोडे ठोकायचे, मग घागर भट्टीत लाल होईपर्यंत तापवायची, पाण्यात विझवायची आणि पुन्हा ठोकायला घ्यायची, असे त्यांचे चालले होते. “ताई, तार ताठ झाली की जोर नका लावू. तापवा तिला,” असे त्यांनी सांगितले आणि माझ्या हातातला तुकडा सांडशीत धरून क्षणभर निखाऱ्यावर ठेवला. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले की कडक होते; तांबे पाण्यात बुडवले तरी नरमच राहते. तापवल्यावर चढलेला काळा थर कसा काढायचा हे मात्र मला विचारावे लागले नाही. चिंच आणि मीठ लावून तांब्या-फुलपात्र घासलेल्या कोणालाही ते ठाऊक असते.

या धातूशी माणसाचा संबंध आपल्या परिसरात फार जुना आहे. नाशिकची जुनी गढी आणि संगमनेरजवळचे जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, आणि जोर्व्याला तांब्याच्या कुऱ्हाडींबरोबर तांब्याची एक बांगडीही मिळाली. नेवाशाच्या उत्खननात पुरलेल्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत धाग्याचे अवशेष शिल्लक होते. तीन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी गोदावरी-प्रवरेच्या या खोऱ्यात कोणीतरी आपल्या लेकरासाठी तांब्याचे मणी वळले आणि ते ओवले. पक्कड हातात घेतली की मला पुष्कळदा त्या माळेची आठवण येते.

वेढे कसे घालावेत हे मी सराफ बाजारात शिकले. तिथे अजून दागिने गाठवून देणारी माणसे आहेत. त्यांच्याकडे मंगळसूत्र गाठवायला येते, मोत्यांचे सर येतात, क्वचित एखादी जुनी नथही दुरुस्तीला येते. नथ हा तारकामाचा आपला स्वतःचा नमुना आहे. सोन्याच्या तारेत मोती ओवून, बारीक तारेचे वेढे देऊन ती बांधलेली असते, आणि कुडीचे मोतीही असेच तारेने एकमेकांशी जखडलेले असतात. मी ज्यांच्या ओट्यावर बसून पाहत असे ते दादा बोलत फार कमी. माझे वेढे दर वेळी एकमेकांवर चढत. त्यांनी माझ्या हातातली तार घेतली, डाव्या हाताच्या अंगठ्याने सांगाडा दाबून धरला आणि बारीक तार न ओढता, तिचे मोकळे टोक चांगले लांब ठेवून, नुसती फिरवत नेली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला टेकून गप्प बसत गेला. ओढल्याने तार ताणली जाते आणि बारीक होते. लांब टोक धरून फिरवली की ती स्वतःच्या वजनाने आणि ताठरपणाने जागच्या जागी बसते. हे वाचून कळते, पण हाताला यायला मला तीन आठवडे लागले.

आता प्रत्यक्ष कोंदणाविषयी लिहिते. आपल्याकडच्या यंत्रांवर निघणाऱ्या बिल्ल्यांत ४४ आणि ५८ मिलिमीटर ही मापे नेहमी आढळतात, आणि गळ्यात घालायला मला ४४ चे माप आवडते. त्यासाठी १८ गेजच्या तारेचे एकोणीस-एकोणीस सेंटिमीटरचे दोन तुकडे घेते. दोन्ही मिळून जेमतेम चार ग्रॅम तांबे होते. माझ्याकडे एक जाड लाटणे आहे, त्याचा मधला व्यास ३८ मिलिमीटर भरतो. तुकड्याचा मध्य लाटण्यावर टेकवून दोन्ही टोके वर आणते, तेव्हा तार सोडल्यावर किंचित उलगडते आणि वर्तुळ ४० मिलिमीटरचे होते. बिल्ला ४४ चा आणि वर्तुळ ४० चे, त्यामुळे बिल्ल्याची कड सगळ्या बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर तारेखाली राहते आणि तो पुढे निसटू शकत नाही. असेच दुसरे वर्तुळ मागच्या बाजूला येते. प्रत्येक वर्तुळाची सुमारे तीन-तीन सेंटिमीटरची दोन टोके वर शिंगांसारखी उभी राहतात.

पुढचे काम खऱ्या बिल्ल्यावर करू नये. त्याच मापाचा एखादा निकामी बिल्ला दोन वर्तुळांच्या मध्ये ठेवावा आणि घड्याळात जिथे चार, सहा आणि आठ हे आकडे असतात त्या तीन ठिकाणी २४ गेजच्या तारेने दोन्ही वर्तुळे एकमेकांशी बांधावीत. तीन वेढे पुढच्या वर्तुळावर घालायचे, मग तार बिल्ल्याच्या कडेवरून मागे न्यायची, तीन वेढे तिथे द्यायचे आणि परत पुढे यायचे. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की कडेवर तारेची एक अरुंद पट्टी तयार होते. वरच्या अर्ध्या भागात मुद्दाम एकही बांध घालायचा नाही, कारण बिल्ला तिथूनच आत-बाहेर करायचा असतो. शेवटी पुढच्या वर्तुळाची दोन टोके जवळ आणून त्यांवर चार-पाच वेढे देते, एक टोक छाटते आणि दुसऱ्याचे गोल तोंडाच्या पकडीने नाके वळते. मागच्या वर्तुळाचेही तसेच करते. दोन नाकी एकापुढे एक आली की त्या दोहोंतून एकच कडी जाते आणि तीच कडी साखळीत अडकते. कोंदण बंद ठेवण्याचे सगळे काम ती एक कडी करते. ती उघडली की पुढचे वर्तुळ थोडे पुढे ओढता येते आणि बिल्ला वरून सरकून, एकही ओरखडा न उमटता, बाहेर येतो. कडी उघडताना तिची टोके बाजूंना फाकवू नयेत, नाहीतर तिचा गोलावा कायमचा जातो. एक टोक आपल्याकडे आणि दुसरे पलीकडे, असे पिळून ती उघडावी आणि तशीच पिळून बंद करावी.

मागच्या पिनेचे काय करायचे, हा प्रश्न मला अनेकींनी विचारला आहे. बहुतेक जण पिन उपटून टाकतात. मी टाकत नाही. पिन मिटवून तिच्यावर फाइलच्या प्लास्टिक कव्हरातून कापलेली ४२ मिलिमीटरची चकती ठेवते, आणि मागचे वर्तुळ तिला धरून ठेवते. आधी मी तिथे लोकरी कापड लावत असे, पण ते घाम शोषून घेते आणि तोच ओलावा पत्र्याला लागतो, म्हणून ते सोडून दिले.

कानातल्यांच्या बाबतीत मी जास्त कडक झाले आहे आणि त्याला कारण आहे. माझ्या भाचीसाठी मी २५ मिलिमीटरच्या बिल्ल्यांचे डूल केले होते आणि त्यांचे हूक एका दुकानातून ‘चांदीचे’ म्हणून आणले होते. चार दिवसांत तिच्या कानांच्या पाळ्या लाल होऊन चिघळल्या. “मावशी, डूल छान आहेत पण घालवत नाहीत,” असे ती म्हणाली तेव्हा मला फार वाईट वाटले. निकेलची ॲलर्जी पुष्कळ जणींना असते आणि स्वस्त हूकांवरच्या चकचकीत मुलाम्यात निकेल असू शकते. तेव्हापासून कानात जाणारा भाग मी ९२.५ टक्के चांदीच्या तारेचा स्वतः वळते, टोक कानसेने आणि मग बारीक पॉलिश पेपरने गोल करते आणि गालावर फिरवून पाहते. तिथे टोचले नाही तर कानातही टोचणार नाही. तांब्याचे हूक मी कानासाठी करीत नाही. घामातल्या क्षारांनी तांबे हिरवे पडते. गळ्यावर पडलेला हिरवा डाग साबणाने निघतो, पण कानाच्या छिद्रात ते नको.

सगळेच बिल्ले जुने असायला हवेत असे मुळीच नाही. माझ्या एका मैत्रिणीकडे हाताने दाबण्याचे बिल्ल्यांचे यंत्र आहे आणि २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आपल्या नाशकात मराठी भाषा गौरव दिनाचा जो उत्साह असतो त्यासाठी आम्ही दोघींनी मिळून ‘ळ’ या अक्षराचे बिल्ले केले. ५८ मिलिमीटरच्या बिल्ल्यासाठी कागद सुमारे ७० मिलिमीटरचा कापावा लागतो, कारण बाकीचा दुमडीत जातो. पहिल्या चार बिल्ल्यांवर आमच्या अक्षराची शिरोरेषाच कडेमागे गेली, तेव्हा अक्षर आणखी लहान करावे लागले. ‘ळ’ निवडण्यामागे माझा एक लोभ होता. ते अक्षर तारेत अतिशय सुंदर वळते. २० गेजची दहा सेंटिमीटर तार घेऊन गोल पकडीवर डावीकडे एक फास आणि उजवीकडे एक फास घेतला आणि मधून टोक वर नेले की ‘ळ’ एका अखंड तारेत उभा राहतो, आणि वर उरलेले टोक त्याला टांगायला उपयोगी पडते. हलकेच ऐरणीवर ठेवून दोन ठोके दिले की तार थोडी चपटी आणि ताठ होते, अक्षराला बोरूने लिहिल्यासारखी जाडी येते. असे लोलक मी बिल्ल्याच्या खाली, सहाच्या बांधाला अडकवले. भाचीने ते कोंदण घेतले आणि आता ती त्यात हवा तो बिल्ला बदलून घालते. एखाद्या दिवशी ‘ळ’ असतो, तर एखाद्या दिवशी आजोबांच्या डब्यातली पणती.

साठवणीविषयी एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार या भागात पाणी शिरले. आमचे घर उंचावर असले तरी तळमजल्यावरच्या कपाटात पुढे कित्येक दिवस दमट वास राहिला होता. बिल्ले प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नयेत. आत अडकलेला ओलावा बाहेर जात नाही आणि मागून गंज चढतो. कागदात एकेक गुंडाळून, वर्तमानपत्रात नव्हे तर साध्या कोऱ्या कागदात, पत्र्याच्या डब्यात ठेवावेत, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. दिवाळीच्या आवराआवरीत डबा उघडून पाहण्याचा अण्णांचा नेम होता आणि त्यांचे बिल्ले इतकी वर्षे टिकण्याचे ते एक कारण असावे.

राहता राहिला तो ३७ क्रमांकाचा बिल्ला. त्याची शाई परत गोळा करता येणार नव्हती. तो मी आठवडाभर सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये कोरडा होऊ दिला, भोकाभोवतीचा गंज टोकदार काडीने जमेल तेवढा काढला आणि भोकाच्या कडेला पारदर्शक लाखेचे दोन हात दिले, म्हणजे निदान पुढे तरी ओलावा आत जाणार नाही. मग त्याच्यासाठी कोंदण केले. भोक वरच्या कडेपासून साडेतीन मिलिमीटरवर आहे, त्यामुळे पुढच्या वर्तुळाच्या तारेने ते पूर्ण झाकले जात नाही. झाकण्यासाठी तिथे एखादा मणी बांधता आला असता, आणि दोन दिवस मी तसा मणी लावून पाहिलाही, पण शेवटी काढून टाकला. भोक दिसते, तसे ते दिसू दिले. तार मात्र त्यातून गेलेली नाही.

परवा संध्याकाळी अण्णा ओसरीवर बसले होते तेव्हा ते पदक त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी चश्मा लावला, वेढ्यांवरून अंगठा फिरवला आणि मग विचारले, “उघडतं का हे?” मी कडी पिळून उघडून दाखवली आणि बिल्ला वर सरकवून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, पिन उघडली, आणि मी काही म्हणण्याच्या आत आपल्या सदऱ्याच्या खिशावर लावून घेतला.